चतुःसीमा

माझं काम सोपं आहे. विकणारा बसतो, घेणारा बसतो,
मधे मी आणि स्टॅम्पपेपर.
मोती तबेल्याच्या कचेरीबाहेर एकतीस वर्षं
लोकांच्या चारी दिशा लिहितो आहे.

पूर्वी दिशांना माणसं असायची.
वडिलांच्या हातचा एक मसुदा आहे माझ्याकडे:
पूर्वेस गेंदालाल चक्कीवाले.
पश्चिमेस तय्यबअली, छत्र्या दुरुस्त करणारे, यांची सामाईक भिंत.
उत्तरेस बोळ, गाय वळू शकेल इतका.
दक्षिणेस लिंबू. झाड घरमालकाचं,
पण निम्मी लिंबं बोळाची, ही जुनी वहिवाट
खरेदीदारास मान्य आहे.
किंमत साडेचार हजार, रोख.

आता लिहितो, पूर्वेस प्लॉट चौदा-ब.
पश्चिमेस चौदा-ड.
उत्तरेस नऊ मीटरचा रस्ता, नकाशात असलेला.

काल तेच घर पुन्हा आलं माझ्या टेबलावर.
मल्हारगंजच्या मागची गल्ली, सहाशे दहा चौरस फूट.
आकडा ऐकला आणि पेनाला टोपण लावून टाकलं.
सुमेर भंडारी, दलाल, हसला:
दादा, हा भाव विटांचा नाहीच, गल्लीचा आहे.
सकाळी गरम पिठाचा वास येतो,
दूधवाला नावानं हाक मारतो,
लोक अजून ओट्यावर बसून राहतात रात्री अकरापर्यंत.
बायपासला संगमरवर मिळेल,
हे कुठून आणणार?

त्यानं हे सगळं छापलंय, गुळगुळीत कागदावर.
गेंदालालच्या नातवाचा फोटो आहे,
भुवया पिठानं पांढऱ्या.
त्याला विचारलं नव्हतं.

घेणारी मुलगी चांगली होती, ईशानी गर्दे,
हैदराबादहून परत आलेली, आजोळ इंदूरचं.
तिनं दोनदा विचारलं,
चक्की सुरू किती वाजता होते?
सहाला, सुमेर म्हणाला,
पण आपण बोलून घेऊ त्यांच्याशी.

साक्षीदार म्हणून दिगंबर खांडवेकर आला होता.
त्याच घरात, पुढच्या खोलीत, सव्वीस वर्षं भाड्यानं शिवणकाम.
गल्लीत त्याच्या नावावर एक वीट नाही,
गल्लीतल्या प्रत्येकाच्या पॅण्टची उंची मात्र पाठ.
विकणाऱ्याचं माप वाढत गेलेलंही त्याला ठाऊक.
पत्ता काय लिहू, मी विचारलं.
हाच लिहा.
महिनाअखेरपर्यंत खरा आहे.
मग त्यानं खिशातला खडू काढला, चुकून,
परत ठेवला, आणि माझं पेन घेऊन सही केली.

मला लिहायचं होतं:
सदर घरासोबत वास दिलेला नाही.
ओटा दिला, ओट्यावरचे दिलेले नाहीत.
लिंबू तर केव्हाच तोडलं,
बोळाचा हिस्सा कुणी मागितला नाही.
पण हल्ली संगणकात रकाना असतो,
त्यात ठरलेली अक्षरं मावतात.
पूर्वेस: गेंदालाल चक्की, एवढं बसवलं.
पोरगा म्हणाला, काका, नंबर टाका, माणूस चालत नाही.
नंबर टाकला.

खरं सांगायचं तर माझी लिहिणावळ टक्क्यावर आहे.
भाव चढला तर माझंही बरं होतं.
चिडलो होतो,
आणि नोटा दोनदा मोजून घेतल्या.

संध्याकाळी दहा किलो गहू घेऊन गेलो.
नातवानं पट्टा चढवला, ओरडून विचारलं,
जाड की बारीक?
आणि मग, पीठ पडताना, तसंच ओरडून,
दादा, माझ्या फोटोचे किती लागले त्या भावात?
चक्कीच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवलं.

गरम पिशवी छातीशी धरून निघालो.
त्या दारापर्यंत पावलं मोजली, सवयीनं.
एकोणीस.